बांधावरचं खत : गिरिपुष्प

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना ऐकायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी आणि ज्यांनी ऐकलं त्यांच्या टिपणासाठी.)



गावोगावी शिवारफेरीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. माती परीक्षणाचा कागद हातात असतो. त्यावर लिहिलेलं असतं, सेंद्रिय कर्ब कमी, शेणखत हेक्टरी इतक्या गाड्या टाका. शेतकरी तो कागद माझ्यापुढे धरतो आणि विचारतो, "साहेब, लिहायला तुमचं काय जातं? पण शेणखत आणू कुठून?"

प्रश्न खरा आहे. पूर्वी दारात बैलजोडी होती, दोन गायी होत्या, एखादी म्हैस होती. उकिरडा वर्षभर भरायचा आणि उन्हाळ्यात गाड्या शेतात जायच्या. आता नांगरट ट्रॅक्टरने होते. बैल विकले गेले. दावणीला एखादी गाय उरली, तर तिचं शेण गोवऱ्यांना जातं. शेणखत विकत घ्यावं तर ट्रॉलीचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. मग शेतात जातं काय? युरियाची गोणी. ती पिकाला पोसते, नाही असं नाही. पण जमिनीच्या पोटात काही जात नाही. जमीन घट्ट होते, पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जातं आणि आठ दिवस उघडीप पडली की पीक माना टाकतं.

तेव्हा आजच्या भाषणात मी तुम्हाला अशा एका झुडपाची माहिती देणार आहे, जे तुमच्या बांधावर उभं राहून दरसाल थोडंथोडं खत देईल. त्याचं नाव गिरिपुष्प. त्याने काय होतं ते सांगेन आणि काय होत नाही तेही सांगेन. कारण या झुडपाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती तुमच्या हातून होऊ नये, हाही या भाषणाचा हेतू आहे.

ओळख

गिरिपुष्प हे मूळचं आपल्याकडचं नव्हे. त्याचं माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिकडे कोकोच्या बागेत सावलीसाठी हे झाड लावत आले आहेत, म्हणून तिथले लोक त्याला 'कोकोची आई' या अर्थाच्या नावाने ओळखतात. दुसरं नाव आहे उंदीर मारणारं. शास्त्रीय नावाचाही अर्थ तोच. आपल्याकडेही काही भागांत त्याला 'उंदीरमारी' म्हणतात. या नावामागचं कारण पुढे येईल.

झुडूप म्हणा की झाड म्हणा, ते तुमच्या कोयत्यावर अवलंबून आहे. तोडत राहिलात तर कमरेएवढं डेरेदार झुडूप. तसंच सोडलंत तर आठ-दहा मीटर उंच झाड. पानं संयुक्त, करंजासारखी, समोरासमोर पानोळ्या असलेली. हिवाळा सरताना न तोडलेल्या झाडाची पानं गळतात आणि उघड्या फांद्यांवर फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे तुरे येतात. त्या दिवसांत मधमाश्या या फुलांवर येतात. नंतर चपट्या शेंगा धरतात.

हे झाड द्विदल कुळातलं, म्हणजे तूर, हरभरा, भुईमूग यांच्या भावकीतलं. त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. ते नत्र पानात साठतं. पाला सुकवून तपासला तर शंभर किलो सुक्या पाल्यात अडीच ते पावणेतीन किलोच्या आसपास नत्र मिळतं. पालाशही चांगला असतो. स्फुरद मात्र अगदी थोडा. हे लक्षात ठेवा, कारण गिरिपुष्प टाकलं म्हणून सुपर फॉस्फेट बंद करू नका, हे मला पुढे सांगायचं आहे.

आणखी एक गुण. हा पाला मातीत लवकर कुजतो. उसाचं पाचट किंवा ज्वारीची धसकटं मातीत गाडली तर कुजायला महिने लागतात आणि कुजताना ती उलट मातीतलंच नत्र ओढून घेतात. गिरिपुष्पाचा कोवळा पाला ओलसर जमिनीत दोन-तीन आठवड्यांत विरघळल्यासारखा होतो आणि उभ्या पिकाला उपयोगी पडतो.

माझी चूक

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो.

कृषी पदवी घेऊन मी नोकरीला लागलो तो कोकणात. तिथे गिरिपुष्पाचं काम सोपं होतं. मृगाचा पाऊस लागला की जून झाडाच्या हातभर-दीड हात फांद्या तोडायच्या आणि बांधावर खुंटासारख्या रोवायच्या. पाऊस चार महिने थांबत नाही. शंभर रोवले तर बहुतेक सगळे जगायचे. मला वाटलं, या झाडाला मरण नाहीच.

पुढे आंतरजिल्हा बदली होऊन मी घाटावर, दुष्काळी पट्ट्यात आलो. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. जमीन हलकी, मुरमाड. एका गावात एक आबा भेटले. वय सत्तरीच्या पुढे, चार एकर कोरडवाहू. आदल्याच वर्षी त्यांनी बैलजोडी विकली होती. म्हणाले, "बैल गेले तेव्हा खतबी गेलं. आता तुम्ही सांगाल ते करतो."

मी उत्साहाने कोकणातून छाटांच्या मोळ्या मागवल्या. त्या येईपर्यंत जुलै संपत आला. आबांनी आणि त्यांच्या मुलाने दोन दिवस खपून बांधावर अडीचशे छाट रोवले. पंधरा दिवसांनी गेलो तर प्रत्येक काठीला हिरवीगार पालवी. मी खूश झालो. फोटो काढला आणि अहवालात लिहून टाकलं, "सर्व छाट जगले."

मग पावसाने ओढ दिली. ऑगस्ट कोरडा गेला. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा गेलो तेव्हा बांधावर नुसत्या काठ्या उभ्या होत्या. आबांनी काही न बोलता एक काठी उपसली आणि माझ्या हातात दिली. खालच्या टोकाला साल सुकून गेलेली. एकही मूळ नाही. म्हणाले, "साहेब, काठी हिरवी झाली होती, जित्ती झाली नव्हती."

बंधूंनो, पदवीच्या पुस्तकात शिकलो होतो तेच मी विसरलो होतो. छाटाच्या आत साठवलेलं अन्न असतं. त्या अन्नावर वर पालवी फुटते. खाली मूळ फुटायला त्याहून वेळ लागतो आणि तेवढे दिवस सतत ओल लागते. पालवी फुटली म्हणजे मूळ फुटलं असं नाही. कोकणात ओल होती म्हणून माझं अज्ञान झाकलं गेलं. इथे ते उघडं पडलं. आबांचे दोन दिवसांचे कष्ट गेले आणि गावात हसू झालं ते वेगळंच.

पुढच्या वर्षी आम्ही बी आणलं. आबांच्या सूनबाईंनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांत रोपं केली. बियाच्या रोपाचं मूळ सरळ खाली जातं आणि कोरड्या दिवसांत खालची ओल शोधतं. त्या रोपांतली बहुतेक जगली. आज त्यांच्या बांधावर गिरिपुष्प उभं आहे. म्हणून पहिला नियम लिहून घ्या. भरपूर आणि सलग पावसाचा भाग असेल तर छाट चालतील. कमी पावसाच्या, कोरडवाहू भागात बियापासून केलेलं रोपच लावा.

जमीन आणि हवामान

जमिनीच्या बाबतीत हे झाड फार नखरे करत नाही. मुरमाड, हलकी, कोकणातली तांबडी जांभ्याची, मध्यम काळी, सगळ्यांत येतं. दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत. एक म्हणजे साचलेलं पाणी. भारी काळ्या जमिनीत जिथे पावसाळ्यात पाणी तुंबतं, त्या सखल जागी लावू नका. बांधाच्या माथ्यावर किंवा उताराच्या कडेला लावा. दुसरी म्हणजे कडाक्याचं धुकं-दव गोठवणारी थंडी. आपल्या बहुतेक भागात ती अडचण येत नाही.

बी गोळा करणे आणि रोपे

दरवर्षी तोडलेल्या झाडाला फुलं-शेंगा येत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे झाडं आहेत त्यांनी चार-पाच झाडं बियासाठी न तोडता राखावीत. शेंगा उन्हाळ्यात पक्व होतात. हिरव्याच्या पिवळसर-तपकिरी झाल्या की उतरवा. उशीर केलात तर भर दुपारी उन्हाने शेंग तडकते आणि बी लांब उडून जातं. उतरवलेल्या शेंगा गोणपाटाखाली झाकून उन्हात ठेवा, म्हणजे तडकलेलं बी गोणपाटाखालीच राहील. बी चपटं, गोल, तपकिरी असतं. नीट वाळवून कोरड्या डब्यात ठेवलं तर पुढच्या हंगामापर्यंत चांगलं उगवतं.

रोपं अशी करा. मागल्या वर्षीचं बी असेल तर मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पिशव्या भरा. दोन भाग पोयटा माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. पिशवीच्या तळाशी आणि बाजूंना भोकं पाडायला विसरू नका. बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. आम्लाची किंवा उकळत्या पाण्याची प्रक्रिया करायची गरज नाही. सकाळी प्रत्येक पिशवीत दोन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टोचा. आठ-दहा दिवसांत उगवण दिसेल. जोमदार रोप एक ठेवा, दुसरं कात्रीने कापा, उपटू नका. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात. झारीने रोज सकाळी पाणी द्या. अडीच-तीन महिन्यांत रोप हातभर होतं आणि लावायला तयार होतं.

मूळ पिशवीच्या तळाशी गुंडाळी करू लागलं की रोप फार दिवस ठेवू नका. जूनअखेर-जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर भिजली की लावून टाका.

छाट लावायचे असतील तर

कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या बांधवांसाठी हे सांगतो. छाट निवडताना कोवळी हिरवी फांदी घेऊ नका. किमान सहा महिने वयाची, साल करडी-तपकिरी झालेली, मनगटापेक्षा थोडी बारीक अशी फांदी घ्या. लांबी एक ते दीड मीटर. धारदार कोयत्याने एका घावात तोडा. साल फाटली तर तिथून कूज लागते. वरचं टोक तिरपं कापा म्हणजे पावसाचं पाणी त्यावर साचत नाही. तोडलेले छाट सावलीत ठेवा आणि दोन दिवसांच्या आत लावा. दगडाने ठोकून जमिनीत घालू नका. पहारीने आधी भोक करा, वीत-दीड वीत खोल छाट बसवा आणि माती टाचेने घट्ट दाबा. पोकळी राहिली तर मूळ धरत नाही. कळ्या वर आहेत ना, हेही पाहा. घाईत काठी उलटी रोवणारे मी पाहिले आहेत.

मृगाचा पाऊस स्थिर झाला की हे काम उरका. जुलैअखेर छाट लावणाऱ्याची काय गत होते, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

बांधावर लागवड

बांधावर दोन रोपांत अर्धा मीटर, म्हणजे साधारण हातभर अंतर ठेवा. बांध रुंद असेल तर दोन ओळी नागमोडी लावता येतात. त्यामुळे बांधाची मातीही धरून राहते. वीत-दीड वीत खोल खड्डा, त्यात ओंजळभर शेणखत. पिशवी कापून काढा, मुळांची माती फुटू देऊ नका.

सामाईक बांधाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बांध दोघांचा असेल तर शेजाऱ्याला आधी विचारा. तो नाही म्हणाला तर आपल्या हद्दीत हात-दोन हात आत लावा. खतासाठी लावलेलं झाड तहसील कचेरीत जाऊ नये.

पहिल्या वर्षी तीन कामं. एक, शेळ्या राखा. कोवळ्या रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला की रोप खुजं होतं. बोरी-बाभळीच्या काट्यांची शिरी लावा. दोन, बुडाशी गवत वाढू देऊ नका, काढलेलं गवत तिथेच आच्छादन म्हणून टाका. तीन, कोरडवाहू भागात पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी प्रत्येक रोपाला दोन-एक लिटर पाणी मिळालं तर फार चांगलं. त्या एका उन्हाळ्यातून रोप निभावलं की पुढे ते पाणी मागत नाही.

छाटणी

पहिल्या वर्षी कोयता लावू नका. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी झाड माणसाच्या उंचीचं झालं असेल तर पहिली छाटणी करा. जमिनीपासून पाऊण ते एक मीटर उंचीवर, म्हणजे कमरेच्या आसपास तोडा. फार खाली तोडलं तर फूट कमी येते आणि शेळ्यांच्या तोंडी जाते. फार उंच तोडलं तर सावली पडते आणि बायामाणसांचा हात पोचत नाही.

तिसऱ्या वर्षापासून वर्षाला दोन छाटण्या मिळतात. पाऊसमान चांगलं असेल तर तीन. पहिली जूनमध्ये पेरणीच्या आधी. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीच्या वेळी. जमलं तर तिसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात छाटलेलं झाड हिवाळ्यात पानं टाकत नाही, नवी फूट धरून हिरवं राहतं. हा त्याचा फायदाच आहे.

पाल्याचा वापर

कोरडवाहू जमिनीत जूनमध्ये शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पाला शेतात पसरा. जाड काड्या वेगळ्या काढा, त्या चुलीला उत्तम. मग कुळवाने पाला मातीत मिसळा. जमिनीत ओल असली पाहिजे. कोरड्या मातीत पाला नुसता वाळून उडून जातो. पेरणी झाल्यावर मिळालेला पाला तूर, कापूस यांच्या दोन ओळींत आच्छादन म्हणून टाका. ओल टिकते, तण दबतं आणि पानं कुजून मातीत जातात.

भातशेतीत तर याचा उपयोग जुना आणि सिद्ध झालेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिच्यातलं दुसरं सूत्रच गिरिपुष्पाचं आहे. गुंठ्याला ३० किलो, म्हणजे हेक्टरी ३ टन हिरवा पाला. लावणीच्या आठवडाभर आधी पानांसकट फांद्या खाचरात पसरून टाकायच्या. एक-दोन दिवसांत पानं आपोआप गळून पडतात. मग नुसत्या काड्या गोळा करून घरी आणायच्या आणि चिखलणीत पाला गाडायचा. पानं ओरबाडत बसायची गरज नाही.

नारळ-सुपारीच्या बागेत, आंब्याच्या आळ्यात, कंपोस्टच्या खड्ड्यातही हा पाला वापरता येतो. उसाचं पाचट किंवा गवत कुजवताना त्यात गिरिपुष्पाचे थर दिले तर खत लवकर होतं. कोकणात मिरीचे वेल चढवायलाही हे झाड चालतं.

हिशोब

आता हिशोब मांडू. हवेतलं बोलून चालणार नाही.

एक एकर चौकोनी शेत धरा. त्याची एक बाजू साधारण ६४ मीटर. चार बांधांपैकी दोन बांध तुमचे, म्हणजे १२८ मीटर. अर्ध्या मीटरवर एक याप्रमाणे झालीत सुमारे अडीचशे झाडं. तिसऱ्या वर्षापासून एका झाडाचा एका छाटणीला दोन किलो हिरवा पाला धरा. जमीन बरी असेल तर याहून जास्त मिळेल, पण आपण कमीच धरू. वर्षाला दोन छाटण्या म्हणजे झाडाला चार किलो. अडीचशे झाडांचा झाला एक टन हिरवा पाला.

या एक टनात पाणीच जास्त. सुका माल २०० ते २५० किलो. त्यातून नत्र मिळतं पाच-सहा किलो. म्हणजे बारा किलो युरियाएवढं. पंचेचाळीस किलोच्या गोणीचा चौथा हिस्सा.

ऐकून काही जणांची निराशा झाली असेल. एवढ्यासाठी एवढा खटाटोप? म्हणूनच मी आकडा उघड करून सांगितला. गिरिपुष्प लावा आणि रासायनिक खत कायमचं बंद करा, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या दोन वर्षांत हातात फारसं काही येत नाही, हेही खरं.

पण दुसऱ्या बाजूने बघा. साध्या शेणखतात शंभर किलोला अर्धा किलो नत्र असतं. म्हणजे एक टन पाला हा नत्राच्या बाबतीत एक टन शेणखताच्या तोडीचा झाला. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर दोन गाड्या. दारात जनावर नसताना दरसाल दोन गाड्या खत आपल्याच बांधावर तयार होतं आणि तेही ट्रॉलीचं भाडं न देता. आतल्या बांधांवरही लावलंत तर चार गाड्या. शिवाय युरियाच्या गोणीत जे नाही ते यात आहे, म्हणजे जमिनीच्या पोटात जाणारा पालापाचोळा. त्याने माती भुसभुशीत होते, गांडुळं येतात, पाणी मुरतं. आणि वर चुलीला काड्या.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली दोन वर्षं रासायनिक खताची मात्रा माती परीक्षणाप्रमाणे पूर्ण द्या. तिसऱ्या वर्षापासून जेवढा पाला टाकाल त्या मानाने नत्र थोडं कमी करा. स्फुरद कमी करू नका, कारण या पाल्यात तो नगण्य आहे.

मजुरीचाही विचार करा. पाला तोडणं आणि वाहणं हे काम बहुतेक घरच्या बायकांच्या डोक्यावर येतं, अक्षरशः डोक्यावर. म्हणून ज्या शेतात पाला टाकायचा त्याच शेताच्या बांधावर झाडं लावा. लांबच्या माळावर लावून भारे वाहण्यात काही अर्थ नाही. आणि घरातल्या पुरुषमंडळींनीही एखादा कोयता उचलावा.

सावधगिरी

जनावरांना चारा म्हणून हा पाला चालतो का, असं नेहमी विचारतात. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांना चालतो. त्यात प्रथिनं चांगली असतात. पण पहिल्यांदा जनावर वासाने तोंड लावत नाही. पाला तोडून रात्रभर सुकत ठेवा, सकाळी कडब्यात मिसळून थोडा थोडा द्या. सवय झाली तरी एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका. घोडा, गाढव, ससा यांना मुळीच देऊ नका. रवंथ न करणाऱ्या जनावरांना तो बाधतो.

आता उंदीरमारी नावाचं कारण. या झाडाची साल आणि पानं धान्यात आंबवून उंदरांसाठी आमिष करायची रीत त्याच्या मूळ देशात आहे. आंबल्यावर त्यात रक्त न गोठू देणारं विष तयार होतं. पण घरी असले प्रयोग करू नका. उंदरासाठी ठेवलेलं आमिष लेकरू किंवा कुत्रंही खातं. तसंच बुरशी आलेला, आंबलेला पाला जनावरांपुढे टाकू नका.

तिसरी गोष्ट मावा किडीची. हिवाळा-उन्हाळ्यात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो, पानं चिकट होतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. हाच मावा चवळी आणि भुईमुगावरही जातो. शेजारी उन्हाळी भुईमूग असेल तर बांधावर मावा दिसताच छाटणी करा आणि पाला जमिनीत गाडा. झाड पुन्हा फुटतं. औषध मारायची गरज पडत नाही.

चौथी गोष्ट सावलीची. छाटणी चुकवली तर बांधालगतच्या दोन ओळी दबतात आणि मग शेतकरी वैतागून झाडंच तोडतो. दोष झाडाचा नसतो, कोयता घरी राहिलेला असतो. दरवर्षी बांधालगत नांगराचा एक तास खोल घ्या, म्हणजे पिकात शिरलेली मुळं तुटतील.

सुरुवात कशी कराल?

एकदम सगळ्या बांधांवर लावू नका. यंदा एका बांधावर पन्नास रोपं लावा. पन्नास पिशव्या, मूठभर बी आणि पहिल्या उन्हाळ्यातलं थोडं पाणी, एवढाच खर्च. जगली तर पुढल्या वर्षी वाढवा. बियासाठी ज्यांच्या बांधावर झाडं आहेत त्यांना विचारा, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा.

मागच्या पावसाळ्याआधी मी पुन्हा आबांकडे गेलो होतो. जूनच्या छाटणीचा पाला शेतात पसरला होता, सूनबाई काड्या वेचत होत्या. आबांनी बांधाजवळची मूठभर माती उचलली आणि मधल्या वावरातली मूठभर. दोन्ही माझ्यापुढे धरून दाबून दाखवल्या. एक ढेकूळ झालं, दुसरी माती बोटांतून सुटली. मी विचारलं, "आबा, उत्पन्न किती वाढलं?" तर म्हणाले, "ते पावसाला इचारा. पण पाणी आता बांधाकडं वाहत येत न्हाई, रानातच ऱ्हातं." मला अहवालात लिहायला आकडा मिळाला नाही. पण या वेळी मी काठीला हात लावून बघितला, ती जिवंत होती.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. कमी पावसाच्या भागात बियाचं रोप, जास्त पावसाच्या भागात छाट.

२. छाट मृगाच्या पावसावरच. पालवी म्हणजे मूळ नव्हे.

३. बांधावर अर्ध्या मीटरवर एक. पाणी तुंबणारी जागा टाळा.

४. पहिल्या वर्षी शेळ्या राखा, कोयता लावू नका.

५. छाटणी कमरेच्या उंचीवर, वर्षाला दोन-तीन वेळा, वेळेवर.

६. पाला ओलसर मातीतच गाडा. भातात गुंठ्याला ३० किलो, लावणीच्या आठवडाभर आधी.

७. स्फुरदाचं खत बंद करू नका.

८. घोडा, गाढव, ससा यांना पाला देऊ नका.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या विषयावर काही शंका असतील तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहा. आपलं गाव, पाऊसमान आणि जमिनीचा प्रकार पत्रात अवश्य कळवा, कारण एका गावचा सल्ला दुसऱ्या गावाला लागू पडतोच असं नाही. हे मी स्वतः शिकलो आहे.